नाव बदला, पण आधी जुना नकाशा उतरवून घ्या

२९ एप्रिल २०२५ रोजी तमिळनाडूच्या विधानसभेत मुख्यमंत्री एम. के. स्टॅलिन यांनी घोषणा केली की ‘कॉलनी’ हा शब्द सरकारी दप्तरातून आणि सार्वजनिक वापरातून काढून टाकला जाईल. महाराष्ट्रातल्या वाचकाला याचे नवल वाटेल. आपल्याकडे कॉलनी म्हटले की बँकेतल्या साहेबांची, प्राध्यापकांची, फाटकाशी वॉचमन बसलेली वसाहत डोळ्यांपुढे येते. तमिळनाडूच्या खेड्यात कॉलनी म्हणजे दलितांची वस्ती. आधी तिला ‘चेरी’ म्हणत. सरकारने तिथे घरे बांधून दिली, नाव ‘कॉलनी’ झाले आणि नव्या शब्दालाही जुनाच विटाळ चिकटला.

महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये असाच निर्णय घेतला होता. महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा ही जातीची नावे जावीत आणि त्या जागी समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे यावीत, असा.

दोन्ही निर्णयांचे आम्ही स्वागत करतो, त्यात किंतु नाही. वसतिगृहाच्या फॉर्मवर किंवा पहिल्या नोकरीच्या अर्जावर पत्ता लिहिताना ज्याचा हात क्षणभर अडखळला आहे, त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. आडनाव बदलता येते, पत्ता बदलायला गाव सोडावे लागते.

पण हे नाव अपमानाचे होते तसेच पुराव्याचेही होते. आपली माणसे अमुक ठिकाणी, गावापासून इतक्या अंतरावर, अमुक तळ्याच्या काठी राहत होती, हे सांगणारी सरकारी कागदावरची खूण पुष्कळदा तेवढीच असते. नाव बदलताना ती खूण कुठेतरी उतरवून ठेवली नाही, तर वीस वर्षांनी भीमनगरातल्या मुलाला आपली वस्ती इथे कधीपासून आहे हे सिद्ध करता येणार नाही. म्हणून हा लेख जुन्या नकाशांबद्दल आहे. भूगोलाच्या पेपरात आपण जे टोपोशीट रंगांवरून ओळखायला शिकलो आणि परीक्षेनंतर विसरलो, त्या स्थलदर्शक नकाशांबद्दल.

उदाहरणासाठी कुंभकोणम घेऊ. मराठी स्तंभात तमिळनाडूचे गाव कशाला, असे कोणी विचारेल. एक कारण असे की १६७० च्या दशकापासून १८५५ पर्यंत तंजावरला भोसल्यांची गादी होती, आणि कुंभकोणम त्याच मुलखातले. आपल्याकडचे लोक ‘दक्षिणेतले मराठी राज्य’ म्हणून तंजावरची सहल करतात, सरस्वती महाल ग्रंथालय बघतात, फोटो काढतात आणि परत येतात. त्या राज्यात चेरी कुठे होती, हे विचारत नाहीत. दुसरे कारण जास्त महत्त्वाचे आहे. जमीन, जात आणि नकाशा यांची गाठ कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात जितकी उघडी दिसते, तितकी फार थोड्या ठिकाणी दिसते.

कुंभकोणमहून तंजावर चाळीसेक किलोमीटरवर. तिथले बृहदीश्वराचे मंदिर राजराज चोळाने बांधले, साधारण १०१० मध्ये पुरे झाले. त्याच्या भिंतींवरच्या शिलालेखांत देवळाला दिलेल्या गावांची यादी आहे. प्रत्येक गावाची जमीन किती आणि त्यातली कोणती जागा साऱ्यातून वगळायची, हे त्यात बारकाईने कोरले आहे. गावठाण, देऊळ, तळी, गावातून जाणारे पाट, कारागिरांची चेरी, परैयरांची चेरी, मसणवट. काही ठिकाणी ‘तीण्डाच्चेरी’ असा शब्द येतो. तीण्डा म्हणजे शिवायचे नाही असे. नोबोरू कराशिमा यांच्यासारख्या इतिहासकारांनी या नोंदींचा बारकाईने अभ्यास केला आहे. शिवाशिव ही मधल्या काळातली विकृती आहे, मुळात सगळे गोडीने राहत होते, असे सांगणारे अजूनही भेटतात. त्यांना ही भिंत दाखवावी. हजार वर्षांपूर्वी वगळलेल्या जागांच्या यादीत आपली माणसे होती. नाव नाही, बाप नाही, लेक नाही. नुसती जागा.

त्याच मंदिराच्या आवारात १८०३ साली दुसऱ्या सरफोजीच्या काळात भोसले घराण्याचा इतिहास दगडावर कोरला गेला. भाषा मराठी. मोठा अभिमानाने दाखवला जातो. पिढ्यान् पिढ्यांची नावे, कोण कोणाचा मुलगा, कोणी कुठे राज्य केले. घराण्याचा इतिहास हा असा असतो. ज्याच्या हाती जमीन, त्याच्या हाती दगड आणि टाकी.

पुढे १८०८ मध्ये विल्यम लॅम्बटन नावाचा इंग्रज सर्वेक्षक याच देवळाशी आला. १८०२ मध्ये मद्रासच्या सेंट थॉमस माउंटजवळ पायारेषा मोजून त्याने जे त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केले, त्यातूनच पुढे हिंदुस्थानच्या सगळ्या नकाशांचा सांगाडा उभा राहिला. तंजावरचा मुलूख सपाट, टेकडी औषधाला नाही, नारळी-पोफळीत दूरचे काही दिसत नाही. म्हणून लॅम्बटनने देवळांचे उंच मनोरे वापरायला घेतले. अर्ध्या टनाचा थिओडोलाइट बृहदीश्वरावर चढवताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आपटले आणि त्याची मुख्य चकती वाकली. साहेबाने कित्येक आठवडे खपून ती स्वतः नीट केली. ही गोष्ट सर्वेक्षणाच्या इतिहासात कौतुकाने सांगितली जाते. ज्या देवळांत दलितांना १९३९ च्या मद्रास मंदिर प्रवेश कायद्यापर्यंत पाऊल टाकता येत नव्हते, त्यांतल्या एकावर यंत्र चढवायला दोर ओढणारे हात कोणाचे होते, हे मात्र त्या कौतुकात येत नाही.

एकाच देवळाने पाहिलेल्या या तीन गोष्टी शेजारी ठेवल्या की आपल्यापुढचा प्रश्न लख्ख दिसतो. राजघराण्याचा इतिहास नावांपासून सुरू होतो. आपला तसा सुरू होणार नाही, कारण नावे कोणी लिहून ठेवलीच नाहीत. भाट नव्हते, पोथी नव्हती, वंशावळ नव्हती. आजोबांच्या वडिलांचे नाव विचारले तर बऱ्याच घरांत गाडी तिथेच अडते. पण जागा लिहिली गेली. सारा वसूल करणाऱ्याने लिहिली, फौज हलवणाऱ्याने लिहिली, देवळाने लिहिली. आपल्यासाठी नव्हे, स्वतःच्या सोयीसाठी. आपल्या कुटुंबाचा इतिहास जागेपासूनच सुरू करावा लागतो.

यात एक विसरलेली बाजू आहे. कागदी नकाशा येण्याआधी गावाचा नकाशा कोणाच्या डोक्यात होता? महाराष्ट्रात गावशिवेचा वाद निघाला की साक्ष महाराची. हद्दीचा दगड कुठे, ओढा कुठून वळतो, कोणत्या बांधावर कोणाची सत्ता, हे त्याला पाठ असायचे. तमिळ मुलखातही हद्दीच्या वादात परैयराला डोक्यावर पाण्याचा घडा देऊन शीव चालायला लावत आणि तो जाईल ती हद्द मानत, असे एकोणिसाव्या शतकातल्या नोंदींत सापडते. म्हणजे ज्याला गावात राहू दिले नाही, त्यालाच गावाची हद्द ठाऊक होती. हे काम मानाचे होते असे सांगून कोणी त्याचे गोडवे गाऊ नयेत. ते वेठीचे काम होते. पण पुढे मोजणीदार साखळी घेऊन आले, तेव्हा गावोगावची बरीच माहिती अशाच माणसांच्या तोंडून कागदावर गेली असणार. नकाशा वाचायला घेताना पहिल्या पिढीच्या पदवीधराने उगाच बुजू नये, हे त्याच्याच आज्यापणज्यांचे ज्ञान आहे.

आता प्रत्यक्ष पानाकडे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या पद्धतीत देशाचे चार अंश लांब, चार अंश रुंद असे चौकोन पाडले आहेत आणि त्यांना क्रमांक दिले आहेत. कुंभकोणम ५८ क्रमांकाच्या चौकोनात येते. त्याचे ए ते पी असे सोळा भाग, त्यातला एन. एनचे पुन्हा सोळा, त्यातला पाचवा. म्हणून पान ५८ एन/५. पूर्व रेखांश ७९ अंश १५ मिनिटे ते ७९ अंश ३० मिनिटे, उत्तर अक्षांश १० अंश ४५ मिनिटे ते ११ अंश. या एका पानात कुंभकोणम, दारासुरम, स्वामीमलै, पापनाशम, वलंगैमान, नीडामंगलम एवढी गावे बसतात. क्रमांकाची उतरण सोळाच्या कोष्टकात वरून खाली आणि मग उजवीकडे जाते, एवढे ध्यानात ठेवले की आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश मोबाइलवर बघून स्वतःचे पान कोणालाही काढता येते. सोलापूरचे असो की वर्ध्याचे.

जुनी पाने एका मैलाला एक इंच या मापाची. मेट्रिक पद्धत आल्यावर ५० हजारास एक, म्हणजे एका किलोमीटरला दोन सेंटिमीटर. २००५ च्या नकाशा धोरणानंतर सर्वेक्षण विभागाने सर्वांसाठी खुली मालिका काढली आणि २०१७ पासून ती पाने संकेतस्थळावरून फुकट उतरवता येऊ लागली. पण ती नवी. जुनी पाने हवी असतील तर चेन्नईत एग्मोरला तमिळनाडूचे पुराभिलेखागार आहे. नाहीतर जवळच्या विद्यापीठातला भूगोल विभाग गाठावा. तिथल्या कपाटांत गुंडाळ्या धूळ खात पडलेल्या असतात आणि कोणी मागितल्या तर शिपायालाच आनंद होतो. अमेरिकन लष्कराने १९५० च्या दशकात अडीच लाखास एक या मापाने भारताची पाने छापली. ती टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने इंटरनेटवर ठेवली आहेत. त्यांत छोटी वस्ती सहसा दिसत नाही, पण नदीची जुनी वळणे आणि गावांची जुनी नावे मिळतात.

पान हाती आले की आधी खालची सूची वाचावी. घाई करू नये. सर्वेक्षण कोणत्या साली झाले आणि छपाई कोणत्या साली, हे दोन्ही टिपून ठेवावे, कारण त्यांत बरेच अंतर असू शकते आणि पुरावा सर्वेक्षणाच्या सालाचा धरतात. सूचीत वसलेले गाव आणि उजाड गाव यांची चिन्हे वेगळी. कायमची झोपडी आणि तात्पुरती झोपडी यांची वेगळी. बांधीव विहीर वेगळी, कच्ची वेगळी. हे वाचताना आमच्या मनात नेहमी येते की तीन पिढ्या त्याच जागी राहिलेल्या घराला केवळ कूड-गवताचे आहे म्हणून कोणी ‘तात्पुरते’ ठरवले असेल. नकाशा खोटे बोलत नाही, पण काय कायमचे मानायचे हे नकाशा काढणाऱ्याने ठरवलेले असते.

कुंभकोणम शहर उत्तरेला कावेरी आणि दक्षिणेला अरसलार यांच्या मध्ये आहे. भोवताली नद्या-पाटांचे जाळे आणि भाताची सपाट खाचरे. उंचीच्या रेषा जवळजवळ नाहीतच, म्हणून डोळा आपोआप लाल रंगाकडे, म्हणजे वस्तीकडे जातो. या भागातल्या खेड्यांचा आराखडा समाजशास्त्रात प्रसिद्ध आहे. कॅथलीन गफ यांनी १९५१ ते ५३ च्या काळात तंजावर जिल्ह्यात मुक्काम केला. आंद्रे बेते यांचे ‘कास्ट, क्लास अँड पॉवर’ हे याच जिल्ह्यातल्या एका गावावरचे पुस्तक १९६५ चे. दोघांच्याही गावात अग्रहार वेगळा, ब्राह्मणेतरांच्या गल्ल्या वेगळ्या आणि दलितांच्या वस्त्या मुख्य गावाबाहेर. दोघांनीही गावांची खरी नावे बदलली आहेत. गफ यांचे ‘कुंबपेट्टै’ आणि बेते यांचे ‘श्रीपुरम’ कोणत्याही पानावर सापडणार नाही. संशोधकांची ती रीत आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण आपले संशोधन आपण केले तर आपल्या गावाचे नाव आपण लपवणार नाही, एवढा फरक पडेल.

५० हजाराच्या पानावर एक मिलिमीटर म्हणजे ५० मीटर. चेरी गावापासून ३०० मीटर लांब असेल तर कागदावर सहा मिलिमीटर. पट्टी ठेवून मोजता येतात. तोच भाग जुन्या आणि नव्या पानावर शेजारी ठेवून पाहिला की कळते की चेरीचा ठिपका हलला का, वाढला का, की गाव वाढत तिच्यापर्यंत आले. बाबासाहेबांनी भारतीय खेड्याचे वर्णन करताना स्पृश्य गावात आणि अस्पृश्य गावाबाहेर हा मुद्दा पुन्हा पुन्हा मांडला. तो मुद्दा पट्टीने मोजायची सोय या पानात आहे.

इथे एक इशारा. नावावरून उडी मारू नका. ‘चेरी’ शब्द दिसला की दलित वस्ती, असा हिशेब चुकतो. जुन्या तमिळमध्ये चेरी म्हणजे नुसता मोहल्ला. उत्तिरमेरूरच्या दहाव्या शतकातल्या प्रसिद्ध शिलालेखात ब्राह्मणांच्या गावाचेच वॉर्ड चेरी म्हणून मोजले आहेत. पुदुच्चेरी हे तर अख्खे शहर. शब्दाचा अर्थ हळूहळू खाली घसरला आणि एका समाजाच्या अंगावर येऊन पडला. आपल्याकडे ‘वाडा’ हा शब्द बघा ना. पाटलाचा वाडा म्हटले की दिंडी दरवाजा आणि चौक, महारवाडा म्हटले की गावकुसाबाहेर. शब्द एकच, त्याचे वजन कोणाच्या नावामागे लागतो त्यावर. उलट ‘मंगलम’ शेवटी असलेली कित्येक गावे ब्राह्मणांना दान दिलेली ‘चतुर्वेदिमंगलम’ होती. नावे धागा देतात, निकाल देत नाहीत.

निकालासाठी दुसरे कागद लागतात. तमिळनाडूत प्रत्येक सर्व्हे क्रमांकाचा मोजणी नकाशा असतो, गावाचे ‘अ’ रजिस्टर असते, जुन्या जमाबंदीची पुस्तके असतात. टोपोशीट मालकी सांगत नाही. ते फक्त एवढे सांगते की अमुक साली या ठिकाणी घरे होती, वाट होती, तळे होते. हे ‘फक्त’ किती मोठे असते, ते मात्र पाहण्यासारखे आहे.

तंजावरात जमीन मिरासदारांची. तिच्यावर राबणारे पल्लर आणि परैयर ‘पन्नैयाळ’, म्हणजे आपल्याकडच्या सालगड्याहूनही बांधलेले. त्यांची झोपडी ज्या जागेवर, ती जागाही बहुधा मालकाची. मजुरीबद्दल तोंड उघडले की घर जाणार. नागपट्टणमकडच्या कीळवेणमणी गावात २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री एका झोपडीत आश्रयाला गेलेल्या ४४ दलितांना, त्यात बहुतेक बायका आणि मुले, जाळून मारण्यात आले. त्यामागे मजुरीचा आणि संघटनेचा लढा होता. १९७१ मध्ये तमिळनाडूने कुडियिरुप्पु कायदा केला. शेतमजूर दुसऱ्याच्या ज्या जागेवर घर करून राहतो ती घरजागा त्याच्या मालकीची करणारा. आता प्रश्न असा उभा राहतो की तो तिथे राहत होता, याचा पुरावा काय? भाडेपावती नाही, वीजबिल नाही, करपावती नाही. अशा वेळी नकाशावरचा झोपड्यांचा तो छोटा ठिपका बोलतो. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ८३ नुसार सरकारी अधिकाराने काढलेला नकाशा न्यायालय अचूक धरून चालते, आणि २०२३ च्या नव्या साक्ष्य अधिनियमातही ते तत्त्व कायम आहे. तहसीलदारापुढे म्हातारीचे तोंडी म्हणणे उडवून लावता येते. सर्वेक्षण विभागाचा शिक्का असलेले पान उडवायला त्याला लेखी कारण द्यावे लागते.

मसणवट्याच्या वाटेचेही तसेच. जानेवारी २०१६ मध्ये मयिलाडुतुरैजवळच्या तिरुनाळकोंडचेरीत एका वृद्ध दलिताची अंत्ययात्रा सार्वजनिक रस्त्याने नेऊ द्यावी, असा आदेश मद्रास उच्च न्यायालयाने दिला. तरी पोलिसांनी प्रेत दुसऱ्याच वाटेने नेऊन पुरले. ऑगस्ट २०१९ मध्ये वाणियंबाडीजवळ वाट अडवली म्हणून एका दलिताचे प्रेत पुलावरून दोराने खाली सोडावे लागले. त्या चित्रफितीने देश हळहळला, मग विसरला. स्थलदर्शक नकाशात पायवाट तुटक रेघेने दाखवतात. वाट पूर्वापार होती की नव्हती, या वादात ती तुटक रेघ कामाला येऊ शकते. मेलेल्या माणसाला वाट मिळावी म्हणून नकाशा काढून दाखवावा लागतो, हीच मुळात शरमेची गोष्ट. पण शरम ज्यांना वाटायला हवी त्यांना वाटेपर्यंत प्रेत थांबत नाही.

जमिनीच्या मोठ्या प्रश्नालाही हेच लागू. चिंगलपेटचा कलेक्टर ट्रेमनहीर याच्या टिपणानंतर १८९२ मध्ये मद्रास सरकारने दलितांना पडीक जमिनी देण्याचा आदेश काढला. त्याच पंचमी जमिनी. दलितेतरांना विकता येणार नाहीत अशी अट त्यांना होती, तरी त्यांतल्या बहुतेक आज दुसऱ्यांच्या ताब्यात आहेत. १९९४ मध्ये त्या परत मिळवण्याच्या आंदोलनावर चेंगलपट्टू येथे पोलिसांनी गोळीबार केला, त्यात जॉन थॉमस आणि एळुमलै हे दोघे गेले. आपल्याकडे १९५८ चा कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा, महार वतनाचा इनाम वर्ग ६-ब, आणि शर्तभंग करून झालेले व्यवहार ही त्याचीच चुलत भावंडे. बाबासाहेबांनी वतनाविरुद्धचे विधेयक १९२८ मध्येच मुंबई कायदेमंडळात मांडले होते. पुण्याजवळच्या मुंढव्यातल्या वतन जमिनीचा व्यवहार २०२५ च्या नोव्हेंबरात गाजला तेव्हा अनेकांना पहिल्यांदाच कळले की अशा जमिनी असतात. हाडकी-हाडवळा कुठे होता, हे तुमच्या घरात कोणाला सांगता येईल? आज विचारा.

कुटुंबाचा माग काढणाऱ्यांत आणखी एक मोठा समुदाय आहे, तो समुद्रापलीकडचा. १८६० ते १९११ या काळात सुमारे एक लाख ५२ हजार माणसे करारबद्ध मजूर म्हणून दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळला गेली, त्यातली बहुसंख्य मद्रासच्या बंदरातून. जहाजाच्या यादीत प्रत्येकाचे नाव, बापाचे नाव, वय, जात, जिल्हा, तालुका आणि गाव लिहिलेले असे. म्हणजे गावात ज्याचे नाव कोणी लिहिले नाही, त्याचे नाव गाव सोडताना लिहिले गेले! त्यांची पणतवंडे आज दरबानमध्ये बसून ‘तंजोर जिल्हा’ एवढ्यावरून गाव शोधतात. कारकुनाने कानाला लागेल तसे लिहिलेले नाव आजच्या गूगल नकाशावर सापडत नाही. जुन्या पानांवरची स्पेलिंगे त्याच काळाच्या जवळची, म्हणून तिथे जुळण्याची शक्यता जास्त. कुंभकोणमचेच जुने इंग्रजी रूप ‘कोम्बाकोनम’ होते. मग छोट्या वस्तीचे नाव किती वळणे घेत असेल! गाव सापडले तरी तो कोणत्या गल्लीतला, हे जातीच्या रकान्यावरून कळते, आणि इथे आपली पट्टी आणि तो सहा मिलिमीटरचा मोकळा भाग पुन्हा उपयोगी पडतो.

हे सगळे काम पहिल्या पिढीच्या पदवीधराचेच आहे, असे आम्ही म्हणतो त्याला कारण आहे. त्याच्या घरात वाट माहीत असलेली माणसे अजून जिवंत आहेत आणि नकाशा वाचता येणारे माणूसही आहे. ही जोडी एकाच घरात एकाच वेळी असण्याची ही एकच पिढी. कुंभकोणमचे सरकारी कला महाविद्यालय १८५४ पासूनचे, कावेरीच्या काठी. त्याला दक्षिणेचे केंब्रिज म्हणत आणि रामानुजन तिथे काही काळ शिकले. आज तिथल्या वर्गांत ज्यांच्या घरात आधी कोणी कॉलेज पाहिले नव्हते अशी मुले-मुली बसतात. त्यांच्या पाट्टीला, म्हणजे आजीला, जे ठाऊक आहे ते त्या कॉलेजच्या एकाही प्राध्यापकाला ठाऊक नाही.

आजीपुढे नकाशा पसरू नका. तिला तो कागद परका वाटेल आणि ती ‘मला काय कळतंय बाबा’ म्हणून गप्प बसेल. तिला वाट विचारा. पाणी कुठून आणायचीस? कोणत्या विहिरीवर घागर खाली ठेवून वाट बघावी लागायची? लग्न होऊन आलीस तेव्हा गावातून आलीस की वळसा घालून? पुरात कुठे जाऊन बसला होतात? पहिले मूल गेले ते कुठे पुरले? ती सांगेल तसे उठून तिच्याबरोबर चालता आले तर उत्तम. घरी येऊन मग पानावर पेन्सिलीने खुणा करा, शेजारी तिचे नाव, तारीख आणि तिने वापरलेलाच शब्द लिहा. तिचा शब्द प्रमाण भाषेत ‘सुधारू’ नका. बायकांना विचारायला विशेषकरून सांगतो, कारण पाणी, सरपण आणि मयत या तिन्ही वाटा त्यांच्या पायांखालच्या आहेत, आणि सातबाऱ्यावर त्यांची नावे सर्वांत कमी आहेत.

महाराष्ट्रातल्या वाचकांनी टोपोशीटबरोबर भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशा, जुने टिपण आणि कडईपत्रक यांच्या नकला काढाव्यात. गट पाडण्यापूर्वीचा सर्व्हे क्रमांक त्यांतून लागतो. वतनाची नोंद तिथेच दिसेल. उजनी किंवा कोयनेच्या पाण्याखाली गेलेल्या गावांतल्या लोकांना तर धरणापूर्वीचे पान हाच गावाचा उरलेला चेहरा. पुनर्वसनात गावाला भूखंड मिळाले तेव्हा गावकुसाबाहेरच्यांना कुठे मिळाले, हेही दोन पाने शेजारी ठेवून पाहावे.

सरकारांकडे आमची मागणी साधी आहे. वस्तीचे नाव बदलणारा प्रत्येक आदेश निघेल तेव्हा त्याला एक तक्ता जोडावा. जुने नाव, नवे नाव, सर्व्हे किंवा गट क्रमांक, वस्तीचे क्षेत्र, मसणवटा आणि त्याची वाट, पाण्याची जागा. पाटीवर, दाखल्यावर, आधार कार्डावर फक्त नवे नाव येऊ दे, जुने नाव त्या तक्त्यात बंद राहू दे, पण तक्ता ग्रामपंचायतीत आणि जिल्हा अभिलेखागारात कोणालाही पाहता यावा. सर्वेक्षण विभागाने आपली जुनी पाने स्कॅन करून फुकट खुली करावीत. परदेशी विद्यापीठाला जे जमले ते डेहराडूनला न जमण्याचे कारण नाही. आणि हे होईपर्यंत थांबू नये. दिवाळीच्या सुट्टीत गावी जाणारच आहात. जाण्यापूर्वी आपल्या पानाचा क्रमांक काढा, प्रिंट मोठ्या कागदावर घ्या, बरोबर पट्टी आणि पेन्सिल ठेवा.